टेलरचाचांचे थंडीतले पाहुणे

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर कुठल्या देशात कोण म्हातारा, कुठल्या वाटेने, कशावर बसून येतो आणि पोरांच्या बुटांत काय टाकून जातो, याची जेवढी माहिती आमच्या टेलरचाचांना आहे तेवढी अख्ख्या जळगाव जिल्ह्यात दुसऱ्या कोणाला नाही. धुळे जिल्हा जोडून घेतला तरी नाही. हे मी नुसतं मायेपोटी म्हणत नाही. माझी तीस वर्षं वाचनालयाच्या टेबलामागे गेली, दोन्ही जिल्ह्यांतले बरेच जाणकार तिथून ये-जा करताना मी पाहिले. इतिहासाचे होते, ज्योतिषाचे होते, केळीवरच्या रोगांचे तर ढिगाने होते. पण आइसलँडमध्ये तेरा भाऊ ओळीने तेरा दिवस गावात उतरतात आणि त्यातल्या एकाला फक्त चमचे चाटायची खोड आहे, हे सांगणारा माणूस एकच निघाला, आणि तो जळगावातल्या मेहरूणमध्ये शाळेचे गणवेश शिवत होता.

चाचांचं दुकान म्हणजे एक मशीन, एक इस्त्रीचं टेबल, एक आरसा आणि एक स्टूल. स्टुलावर गिऱ्हाईक बसलं की चाचांना फिरायला जागा उरत नसे, म्हणून ते गिऱ्हाइकाला उभंच ठेवायचे आणि स्वतः बोलायचे. गळ्यात टेप, कानावर खडू, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांना एकच व्यसन होतं, प्रश्न विचारण्याचं. शर्ट शिवायला गेलेला माणूस आधी उलटतपासणीला उभा राहायचा. कुठे घालणार? कोण बघणार? बसून काम की उभं राहून? जेवण उजव्या हाताने की डाव्या? एका वकिलाने वैतागून म्हटलं, "चाचा, आमच्या कोर्टातसुद्धा एवढं विचारत नाहीत." चाचा म्हणाले, "म्हणूनच तुमच्या लोकांच्या कोटाच्या बाह्या आखूड असतात."

त्यांना थंडीतल्या पाहुण्यांचा नाद लागला तो एका इंग्रजी शाळेच्या बाईंमुळे. बऱ्याच वर्षांपूर्वी डिसेंबरच्या सुरुवातीला बाई मोबाइलवर एक फोटो घेऊन दुकानात आल्या. लाल झगा, पांढरी किनार, काळा पट्टा. कार्यक्रमासाठी असे चार झगे हवे होते. दुसऱ्या कुठल्याही शिंप्याने मापं घेतली असती आणि तारीख दिली असती. चाचांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, "मॅडम, ह्यांचं काम काय?" बाई म्हणाल्या, मुलांना भेटवस्तू देतात. "मग खिसे कुठे आहेत?" बाईंनी फोटो पुन्हा बघितला. "हे राहतात कुठे?" बर्फात. "मग गळा एवढा उघडा कसा?" बाईंनी मापांची चिठ्ठी ठेवली, हात जोडले आणि त्या निघून गेल्या. चाचा मात्र त्या दिवशी पहिल्यांदा वाचनालयात आले, टेप गळ्यात तसाच, आणि माझ्या टेबलावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "भाऊ, ह्या लाल म्हाताऱ्याचं खानदान कुठलं, ते बघायचंय."

तिथून आमची सोबत सुरू झाली. चाचांना मराठी आणि उर्दू वाचता यायचं, इंग्रजी मी वाचून सांगायचो. पहिल्याच आठवड्यात आम्हाला कळलं की या म्हाताऱ्याचं मूळ बर्फात नाहीच. तो निकोलस नावाचा एक धर्मगुरू, तुर्कस्तानच्या समुद्रकाठच्या गावातला. गरिबाच्या तीन मुलींची लग्नं अडली होती, तर त्याने कोणाला न सांगता खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, अशी त्याची कथा. चाचांना इतका आनंद झाला की त्यांनी वाचनालयातूनच शाळेच्या बाईंना फोन लावला. "मॅडम, तो आपल्याच बाजूचा निघाला! त्याच्या गावात संत्री पिकतात!" पलीकडून बाई म्हणाल्या, "चाचा, बटणं लागली का?"

मग एकेक पाहुणा येत गेला. हॉलंडमध्ये हाच निकोलस जहाजातून उतरतो आणि पांढऱ्या घोड्यावरून फिरतो, म्हणून पोरं बुटात गाजर ठेवतात, घोड्यासाठी. घोड्याची कोणीतरी आठवण ठेवली याचं चाचांना फार कौतुक. रशियात थंडीचा आजोबा नातीला बरोबर घेऊन येतो. "नात बरोबर असली की म्हातारा रस्ता चुकत नाही," हे चाचांचं त्यावरचं मत. स्पेनच्या एका भागात पोरं लाकडाच्या ओंडक्याला कित्येक दिवस पांघरूण घालतात, जेवू घालतात आणि शेवटी काठीने बडवून त्याच्याकडून खाऊ काढतात. हे चाचांना अजिबात पटलं नाही. "आधी पांघरूण घालायचं आणि मग मारायचं? ही काय रीत झाली?" त्या देशावर त्यांचा पुढे कायमचा थोडा राग राहिला. आणि सगळ्यांत लाडकी पाहुणी म्हणजे इटलीची झाडूवाली म्हातारी. तीन राजे बाळ येशूच्या दर्शनाला निघाले होते, त्यांनी तिला बरोबर चल म्हटलं. ती म्हणाली, माझा केर काढायचा राहिलाय. नंतर तिला चुटपुट लागली, ती खाऊ घेऊन मागोमाग निघाली, पण बाळ काही सापडलं नाही. तेव्हापासून दर जानेवारीत ती घराघरात त्याला शोधते आणि प्रत्येक पोराजवळ काहीतरी ठेवून जाते, न जाणो, हाच असला तर. चाचांनी ही गोष्ट घरी सांगितली तेव्हा चाची भाकरी थापत होत्या. त्या मान वर न करता म्हणाल्या, "राजांपैकी एकाने झाडू हातात घेतला असता तर बिचारी वेळेवर पोचली असती." चाचा दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "भाऊ, हे तुमच्या पुस्तकात नाही. लिहून ठेवा."

लिहून ते स्वतःच ठेवायचे, कपड्याचं माप कापायच्या खाकी कागदावर. त्यामुळे कधीकधी पँटच्या पायाच्या आकाराचा कागद निघायचा आणि त्यावर अर्धा पाय ऑस्ट्रियातला शिंगवाला राक्षस असायचा. ही सगळी माहिती ते गिऱ्हाइकांना वाटायचे. छातीला टेप गुंडाळलेला माणूस पळून जाऊ शकत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. असोद्याचा एक नवरामुलगा शेरवानीचं माप द्यायला आला होता. आइसलँडमधली मांजर नवे कपडे न मिळालेल्या माणसाला खाऊन टाकते, असं चाचांनी त्याला इतक्या रंगात येऊन सांगितलं की पोरगा घाबरून सगळ्या वऱ्हाडाचे कपडे त्यांच्याकडेच टाकून गेला. त्यांचे एक नातेवाईक कधीतरी कुरकुरले, "हे दुसऱ्यांचे साधुसंत आपल्याला कशाला?" चाचा म्हणाले, "अरे, मी कुणाचा मुरीद, कुणाचा शिष्य होतोय का? मी फक्त पत्ता विचारतोय."

हळूहळू मात्र चाचांना एक सल लागला. सगळ्या देशांत थंडीत कोणी ना कोणी बाहेरून येतं, देतं आणि निघून जातं. मग आपल्या खानदेशात कोण येतं? आपल्याकडची थंडी काय कमी आहे? डिसेंबर-जानेवारीत केळीची पानं करपतात, सकाळी नळाचं पाणी हाताला चावतं. मी त्यांना माझ्या नातीच्या बोरन्हाणाला बोलावलं. म्हटलं, बघा, संक्रांतीच्या दिवसांत आपल्याकडेही पोरांवर खाऊ बरसतो. चाचा आले, मेहरूणची चांगली शेरभर बोरं घेऊन आले, आणि कुरमुरे, बोरं, हलवा डोक्यावरून पडताना बघून लहान मुलासारखे हसले. मग दाराशी उभ्या बायकांना विचारायला लागले, "पण हे टाकतं कोण?" आत्या, मामी, आजी, कोणीही. "ती तर घरातली. बाहेरून कोण येतं?" बाहेरून कोणी नाही. "वासुदेव येतो की पहाटे," कोणीतरी सुचवलं. चाचांनी मान हलवली. "तो गातो छान. पण झोळी घेऊन येतो, भरून नेतो."

मग आम्ही रविवारी एस.टी.ने गावं फिरू लागलो. चाची चाचांना डबा द्यायच्या आणि मला म्हणायच्या, "जिथून नेताय तिथूनच परत आणा, दुसऱ्या देशात सोडू नका." धुळ्याच्या स्टँडवर एका फेटेवाल्या आबांना चाचांनी विचारलं, तुमच्या लहानपणी थंडीत कोणी काही द्यायला यायचं का? आबांनी विडी बाजूला केली, चाचांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "आठे बठ्ठा लेवालेच येतस, भाऊ. देवाले कोन ई?" इथे सगळे घ्यायलाच येतात, द्यायला कोण येईल, हे ऐकून शेजारचे दोघेतिघे खो खो हसले. चाचाही हसले, पण परतीच्या बसमध्ये खिडकीबाहेर बघत बसले.

उत्तर सापडलं ते पहूरला. आमच्या वाचनालयाचे एक जुने सभासद तिकडे शेती करतात. त्यांची आई, सगळ्या गावाची अक्का, ऐंशी पार केलेली. सकाळच्या उन्हात ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. चाचांनी तिला तोच प्रश्न विचारला आणि उत्तराची फारशी आशा न धरता स्वतःही शेंगा सोलायला घेतल्या.

"येत व्हता ना," अक्का म्हणाली. "पांढरा."

चाचांच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पांढरा म्हणजे?"

"पिंजारी व्हता. खांद्यावर धनुष्यासारखी धनुकली, कापूस पिंजाले यायचा थंडीत. धनुकलीचा आवाज आला का समजायचं, आला. गाद्या भरे, दुलया भरे. मले पयलं लेकरू झालं तवाची गोष्ट. सकायी दार उघडलं तं उंबऱ्यावर एवढीशी दुलई. नवी. कोनी ठेवली, पत्ता नाही. ज्याच्या घरी तान्हं लेकरू, त्याच्या उंबऱ्यावर जाताना ठेवून जायचा. इचारलं तं म्हने, मले काय माहीत, अल्लाले माहीत."

चाचा आता ओट्यावरून उठून तिच्या समोर उकिडवे बसले होते. त्यांनी एका दमात किती प्रश्न विचारले त्याची मोजदाद मी ठेवली नाही. दाढी होती का? होती. पांढरी? पांढरी. भुवया? त्याही पांढऱ्या. किती म्हातारा होता?

अक्का हसायला लागली. तोंडात दात नव्हते, सगळा चेहराच हसला. "म्हातारा कसाचा? तिसेक वर्साचा गडी व्हता तो. कापूस बसे अंगावर, म्हून म्हातारा दिसे."

चाचा परतीच्या वाटेवर चालत नव्हते, उडत होते. जामनेरला बस बदलेपर्यंत त्यांनी कंडक्टरला आणि पुढच्या सीटवरच्या दोन बायकांना सगळी हकिकत सांगून टाकली होती. दुसऱ्या दिवशी ते शाळेत गेले. त्या बाई एव्हाना मुख्याध्यापिका झाल्या होत्या. यंदाच्या डिसेंबरच्या कार्यक्रमात मला पाच मिनिटं द्या, म्हणाले, खानदेशचा आपला स्वतःचा पाहुणा सापडलाय, मुलांना सांगायचाय. इतक्या वर्षांच्या फोनांना बाई सरावल्या होत्या. त्यांनी हसून दहा मिनिटं दिली.

आता त्या पिंजाऱ्याचा ठावठिकाणा काढायचा राहिला. पिंजणारी घरं केव्हाच दुसऱ्या धंद्यांत गेली होती. गाद्या आता मशिनवर भरतात. चाचांनी जळगावातल्या एकूण एक गादीवाल्याकडे खेटे घातले. कोणी म्हणालं भुसावळला विचारा, कोणी म्हणालं चोपड्याला. महिनाभराने एका म्हाताऱ्या गादीवाल्याने सांगितलं, तो धुळ्याचा, जाऊन जमाना झाला, पण त्याची मुलगी आहे अजून. त्याने पत्ता दिला.

डिसेंबर नुकताच लागला होता. मी आणि चाचा धुळ्याला गेलो. पावरलूमचा खडखडाट चालू असलेली गल्ली, निळ्या रंगाचं दार. आत त्याची मुलगी, सत्तरीच्या पुढच्या आपा, बारीक चणीच्या, कामाची सवय असलेले हात. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या, स्वतः बाजेवर बसल्या. चाचांनी सुरुवात केली ती थेट तुर्कस्तानातून. निकोलस, घोडा, झाडूवाली, तेरा भाऊ, आणि मग पहूरची अक्का, उंबरा, दुलई. सांगता सांगता ते खुर्चीच्या कडेवर आले. "आपा," ते म्हणाले, "सगळ्या दुनियेत शोधलं आणि आपल्या घरात सापडलं. तुमचे अब्बा तसे होते."

आपांनी सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "दुलया तुम्ही मोजल्या का, किती वाटल्या?"

"नाही."

"मी मोजायची. तो थंडी संपल्यावर घरी यायचा तेव्हा आई विचारायची, उरलेला कापूस कुठे? पिंजताना जो उरतो तो पिंजाऱ्याचा, असा रिवाज होता. आमचाच होता तो. आणि हा सांगायचा, ह्या गावात तीन तान्ही होती, त्या गावात दोन. आम्ही चार भावंडं एका गोणपाटात झोपायचो, मास्टर. पिंजाऱ्याची मुलं. शेजारपाजारचे हसायचे. मी सात वर्षांची असताना अशी थंडी पडली की धाकट्याची छाती भरली. तो जगला, पण त्याची छाती पुढे कधी मोकळी झाली नाही. शेवटपर्यंत खोकत होता." त्यांनी ओढणी सारखी केली. आवाज कुठेही चढला नव्हता. "पोरांना सांगायचंय तर सांगा. चांगला माणूस होता, मी नाही म्हणत नाही. पण सांगाल तेव्हा हेही सांगा."

चाचांनी काहीच विचारलं नाही. त्यांना ओळखायला लागल्यापासून असं मी पहिल्यांदा पाहत होतो. आपांच्या सुनेने चहा आणला, तो आम्ही प्यायलो, सलाम केला आणि बाहेर पडलो. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, चाचा गळ्यातला टेप बोटाला गुंडाळत राहिले. शहराचे दिवे दिसायला लागले तेव्हा म्हणाले, "भाऊ, एवढ्या देशांची माहिती काढली आपण. एकाच्याही घरी कोण असतं, ते विचारलं नाही."

दुसऱ्या दिवशी ते शाळेत जाऊन बाईंना सांगून आले की यंदा माझं बोलणं नको. बाईंनी कारण विचारलं तर म्हणाले, "गोष्टीचं कापड बेतलंय, शिलाई बाकी आहे." कार्यक्रम झाला. लाल झग्यातल्या चौघांनी गोळ्या वाटल्या. चाचा नेहमी मागच्या रांगेत उभे राहून आपले झगे बघायचे, यंदा आले नाहीत. चाची मला म्हणाल्या, "दुकानात बसतात आणि मशीन बंद असते. तुम्ही काही वाचून दाखवा त्यांना." मी जपानबद्दल एक पुस्तक काढून नेलं. चाचांनी ते आदबीने घेतलं आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवून दिलं.

मग एक दिवस मला निरोप आला, असोद्याला जायचंय. तिथल्या एका ओळखीच्या शेतकऱ्याकडून चाचांनी वेचणीचा ताजा कापूस घेतला, स्वतः हाताने चिवडून बघत, जणू केशर घेताहेत. सरकी काढून झाली. आता पिंजायचा धनुकलीवरच, असा त्यांचा हट्ट. एका गादीवाल्याच्या माळ्यावर धनुकली निघाली, तिची तातही, म्हणजे ताणून बांधलेली दोरी, शाबूत होती, पण चालवता कोणाला येईना. चाचांनी स्वतः हात मारून बघितला. कापूस राहिला बाजूला, तात त्यांच्या अंगठ्यावर बसली. अंगठा तोंडात धरून ते म्हणाले, "मशिनवर टाका." पुढचे आठ दिवस दुकानावर 'उद्या या' अशी पाटी होती. आत ते दुलई शिवत होते, मशीन न लावता, हाताने, बारीक टाके घालून. मला त्यांनी ती बघू दिली नाही. शिवून झाल्यावर घडी घालून, खाकी कागदात बांधून, वर सुतळी गुंडाळूनच माझ्यासमोर आणली.

पौषातली सकाळ. आम्ही पहाटेच्या पहिल्या बसने निघालो आणि कोवळं ऊन पडायच्या सुमारास धुळ्यात उतरलो. चाचांचा बेत सरळ होता. गठुळं निळ्या दाराशी ठेवायचं आणि कोणी बघायच्या आत कोपऱ्यावरून परत फिरायचं. मी कोपऱ्यावर थांबलो. आता, ज्या माणसाला जगभरचे म्हातारे घरात कसे शिरतात हे तोंडपाठ, त्याला धुळ्याच्या गल्लीतलं एक दार जमेल असं कोणालाही वाटलं असतं. चाचांनी गठुळं ठेवलं. लगेच समोरच्या घरातल्या बाईने ओरडून विचारलं, "कोणाकडे आलात?" चाचा दचकून तिला खुणेने गप्प करायला लागले, तेवढ्यात दाराशी बांधलेल्या बकरीने सुतळी तोंडात धरली. चाचांनी गठुळं ओढलं, बकरीने सुतळी ओढली. चाचा दबक्या आवाजात म्हणत होते, "सोड, अल्ला के वास्ते सोड," बकरी सोडेना, आणि कागद टरकन फाटला. त्याच क्षणी निळं दार उघडलं.

आपांनी आधी बकरीकडे बघितलं, मग चाचांकडे. "काय आहे हे?"

"ठाऊक नाही," चाचा म्हणाले. "इथेच पडलेलं दिसलं." खोटं बोलायची सवय नसलेला माणूस किती वाईट खोटं बोलतो ते मला कोपऱ्यावरूनही ऐकू आलं. मी पुढे गेलो.

आपांनी फाटका कागद बाजूला केला. आत दुलई होती. बाहेरून बारीक निळ्या फुलांचं छीट, आतून धुवून मऊ केलेलं मांजरपाट. त्यांनी ती झटकून दोन्ही हातांत उघडी धरली आणि तेव्हा पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की ती छोटी आहे. आपांच्या कमरेपर्यंतही पुरली नसती. चाचांच्या हातून एवढी मोठी चूक! मी त्यांच्याकडे बघितलं.

"सात वर्षांच्या मापाची आहे," चाचा जमिनीकडे बघत म्हणाले. "आपण म्हणालात ना, तेव्हा सात वर्षांच्या होता."

गल्लीत लूम चालूच होते. आपा बराच वेळ दुलईच्या टाक्यांवरून अंगठा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "मास्टर, जन्मभर लोकांचे कपडे शिवलेत ना तुम्ही? सत्तर वर्षांच्या बाईला हे माप?" आणि तिथेच उंबऱ्यावर बसल्या, दुलई पसरून पायांवर घेतली. "गुडघे झाकतात," त्या म्हणाल्या. "थंडीत तेच दुखतात." पुढे म्हणाल्या, "उभे काय राहिलात दोघं? आत या."

आत आम्ही दोन तास बसलो. दुलई आपांच्या मांडीवरच होती. चाचांनी एकही प्रश्न विचारला नाही आणि आपा आपण होऊन बोलत राहिल्या. अब्बा घरी यायचा तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच खोकून वर्दी द्यायचा. आई त्या दिवशी त्याच्याशी बोलायची नाही, पण आंघोळीचं पाणी तापवून ठेवलेलं असायचं. तो चुलीपाशी बसायचा आणि चौघांमधून आपांना हाक मारायचा, कारण त्यांची बोटं बारीक. "भुवयांमध्ये, कानांत, पापण्यांवर, सगळीकडे कापूस बसलेला असायचा त्याच्या. तो मी वेचून काढायची, एकेक करून. तो डोळे मिटून बसून राहायचा. कितीही राग असला तरी ते काम मी कोणाला दिलं नाही." चाचांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला.

पुढच्या डिसेंबरात चाचांनी शाळेत गोष्ट सांगितली, सगळी. दहा मिनिटांची पंचवीस मिनिटं झाली, पण बाईंनी घंटा वाजवली नाही. गोणपाट आलं तेव्हा मुलं पुढे सरकून बसली, बकरी आली तेव्हा हसली. आपांनी फोनवर विचारलं, "सांगितलं का ते?" चाचा म्हणाले, "सांगितलं." "बरं," त्या म्हणाल्या.

आता चाचांचे डोळे थकलेत, सुईत दोरा जात नाही. मुलगा त्यांना आणि चाचींना सुरतेला घेऊन गेला. मेहरूणच्या दुकानात मोबाइलची कव्हरं मिळतात, शाळा झगे तयारच मागवते. चाचांचा फोन मात्र येतो, बहुधा संध्याकाळी, चाचींनी दुसऱ्यांदा चहा नाकारल्यानंतर. परवा आला तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, "काय चाचा, सुरतेत थंडीत कोण येतं म्हणे? लावला का शोध?"

चाचांनी आधी कोणाला तरी टीव्ही बारीक करायला सांगितलं. मग म्हणाले, "भाऊ, इथे थंडीच पडत नाही. कोण येणार आणि कशाला?"

मी म्हटलं, "मग इकडे या ना. इकडे चांगली पडलीये."

"येतो," ते म्हणाले. दोन हिवाळे झाले, असंच म्हणतात.